मिनिटामिनिटाचा चढ

११ डिसेंबर १९७७, केनवड

काल माहेरी पोचले. नागपूर ते अकोला, अकोला ते मालेगाव, मालेगाव ते केनवड. तीन गाड्या आणि सातवा महिना. मायने आधी माझ्या पायांची सूज पाहिली, मग पिशवी उचलून पाहिली.

"दगडं आनले का वं?"

दगड नाहीत, कागद आहेत. यंत्राने छापलेले, एकाला एक जोडलेले, घडीचे कागद. ते उलगडले तर आमच्या दारापासून विहिरीपर्यंत जातील. या कामाबद्दल बोलायला इथे कोणी नाही म्हणून ही वही सुरू केली.

काम असं. आमच्या ऑफिसातलं जुनं संगणक यंत्र ऑक्टोबरात मोडीत निघालं. नवं आलं आहे, पण जुन्यासाठी लिहिलेले प्रोग्राम ते घेत नाही. दोन्हीकडे भाषेचं नाव फोरट्रानच, पण जुन्याची फोरट्रान वेगळी आणि नव्याची वेगळी. आपण लिहिलेलं यंत्राच्या आकड्यांत उतरवणारा जो कंपायलर असतो, तो नव्या यंत्राचा फार काटेकोर आहे. ओळखीचं नसलं की चूक म्हणून छापून मोकळा होतो.

माझ्याकडचा प्रोग्राम १९६६ सालचा आहे. मोठा पूर आला तर तलावाचं पाणी कुठवर चढेल, ते तो मिनिटामिनिटाने काढतो. इथून दीड कोसावरच्या तलावाचा सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायची भिंत, नव्वद सेंटिमीटरने उंच करायची आहे. तलावाच्या वरच्या अंगाला तांडा आहे, बावीस घरांचा. पाणी तिथवर जाईल की नाही, एवढाच प्रश्न. मार्चमध्ये काम सुरू होणार.

साहेब म्हणाले, तुमच्याच भागातलं आहे, रजेत बसल्या बसल्या बघा; नाही जमलं तर अंदाजाने उंची धरू. त्यांनी विश्वास टाकला की मला नाही म्हणायची सोय करून दिली, ते कळत नाही. अंदाजाने मात्र धरू देणार नाही.

१४ डिसेंबर

निघायच्या आदल्या दिवशी प्रोग्राम नव्या यंत्रात घालून पाहिला होता. चारशे अकरा चुका आल्या. गाडीत तो आकडा डोक्यातून जात नव्हता.

आज ओसरीत कागद पसरून एकेक चूक वाचली. दुपारपर्यंत लक्षात आलं की कंस उघडतो तिथे सगळीकडे टक्क्याचं चिन्ह छापलं आहे, आणि बरोबरच्या चिन्हाच्या जागी दुसरंच काही. म्हणजे लिहिणाऱ्याचं काही चुकलेलं नाही. प्रोग्राम यंत्राला द्यायचा तो जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून; जुन्या मशीनवर कार्डाला ज्या जागी भोकं पडायची, त्या भोकांचा अर्थ नवं यंत्र वेगळा लावतं. एकाच्या सहीला दुसरा अंगठा समजतो तसं.

कार्डं नागपूरला लिलाकडे आहेत. लिला आमच्याकडे कार्डांना भोकं पाडायचं काम करते आणि यंत्राचे नखरे आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त ओळखते. तिच्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला: जुनं कार्ड वाच, पाच चिन्हं बदल, नवं कार्ड काढ. तीनदा हाताने तपासला. इथून रजिस्टर पत्र जायला चार दिवस आणि उत्तर यायला चार. ऑफिसात स्वल्पविराम चुकला तर तास जातो, इथे नऊ दिवस जातील.

माय म्हणाली, "पोट आवळून बसू नको वाकून." मी पाटावरून खाटेवर आले. तिला कागदांचा राग आहे.

२३ डिसेंबर

उत्तर आलं. चुका सदतीस! बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "आधी किती होत्या?" चारशे अकरा म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. थोड्या वेळाने बाहेर कोणाला तरी तोच आकडा सांगताना ऐकू आले.

सदतीसपैकी एकोणतीस साध्या आहेत. वर्गमूळ, लघुगणक यांची नावं जुन्या भाषेत वेगळी लिहीत, ती बदलली. उरलेल्या आठ मात्र एकाच गोष्टीच्या आहेत. जुन्या यंत्राच्या पुढच्या फळीवर खटके होते. प्रोग्राम मध्येच विचारतो, खटका क्रमांक दोन खाली आहे का? असेल तर या वाटेने जा, नसेल तर त्या. नव्या यंत्राला खटकेच नाहीत. कोणती वाट कायमची धरायची? कागदात कुठेही लिहिलेलं नाही. पहिल्या कार्डावर फक्त "फु. जैन" एवढंच.

२७ डिसेंबर

फुलचंद जैन सापडले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन शिरपूरला राहतात, हे बाबांनी बसस्टँडवर चौकशी करून आणलं. मायने नको म्हटलं, मग स्वतःच सोबत आली.

त्यांचं घर मंदिरापासून चार घरं सोडून. साठीचे गृहस्थ, कानाला थोडं कमी ऐकू येतं. त्यांच्या बायकोने, सुंदरबाईंनी, माझे पाय बघून मला आधी लोडाला टेकवलं. मी कागद पुढे केला तेव्हा जैनसाहेबांनी चष्मा लावला आणि बराच वेळ नुसता हात फिरवत राहिले.

"हे अजून चालून राह्यलं?"

मी म्हटलं, चालत नाही, चालवायचं आहे.

खटक्याचं त्यांना पूर्ण आठवत होतं. खटका खाली म्हणजे हिशेबाचं पाऊल मिनिटाचं, वर म्हणजे तासाचं. तासाचं फक्त घाईत ढोबळ बघायला होतं. ते म्हणाले, मिनिटाचंच धरा, आपल्याकडचा पूर तासाची वाट पाहत नाही. मग विचारलं, तुमचं नवं यंत्र एका आकड्यात किती अंक ठेवतं? मी म्हटलं, सहा-सात. आमचं आठ ठेवत असे, ते म्हणाले. म्हाताऱ्या माणसांना आपल्या वेळचं सगळं मोठं वाटतं.

निघताना त्यांनी १९६६ सालचा छापील निकाल दिला, घड्यांवर पिवळा पडलेला. त्या वेळच्या सांडव्यासाठी त्यांच्या यंत्राने पाणी ५१२.१८ मीटरवर दाखवलं होतं. समुद्रसपाटीपासूनची उंची ही. म्हणाले, नवीन काही काढायच्या आधी हे जुनं काढून पाहा.

७ जानेवारी १९७८

प्रोग्राम चालला. चुका शून्य. कागद हातात धरून मी अंगणात उभी राहिले आणि कोणाला सांगावं ते सुचेना, तर मायलाच सांगितलं. ती म्हणाली, "झालं ना? मंग आता निज जराशी."

नव्या सांडव्याने पुराचं पाणी ५१२.९४ वर जाईल. तांड्यातलं सगळ्यात खालचं अंगण ५१३.०५ वर आहे. म्हणजे अकरा सेंटिमीटर खाली राहतं. लिलाने लिहिलंय की साहेब फार खूष आहेत, अहवाल टाइपला दिला.

पण मी १९६६ च्या सांडव्याची जुनी चाचणीही करायला सांगितली होती. तिचा निकाल ५१२.०० आला. जैनसाहेबांच्या कागदावर ५१२.१८ आहे. तेच आकडे, तोच प्रोग्राम, आणि अठरा सेंटिमीटर कमी.

माझ्याच हातून काही चुकलं असेल. आज नाही बघत.

१६ जानेवारी

सगळ्या कार्डांची यादी पुन्हा तपासली. एकही अक्षर चुकलेलं नाही. साहेबांना कळवलं होतं, त्यांचं उत्तर आज आलं. यंत्रायंत्रात थोडा फरक राहणारच, नवं यंत्र अर्थातच अधिक अचूक आहे, दहा फेब्रुवारीला अहवालावर सही होईल, आपण प्रकृतीला जपावं.

हे शनिवारी कामरगावहून आले होते. तिथल्या शाळेत शिकवतात, मुलांचे पेपर तपासायला आणले होते. दोघं ओसरीत आपापले कागद घेऊन बसलो. मी म्हटलं, साहेब म्हणतात ते खरं असेल कदाचित, मीच हट्ट करते आहे. ते म्हणाले, "मुलाचं उत्तर चुकलं तर मी पायरी पाहतो. तू पायऱ्या पाहिल्या का?" मला थोडा राग आला. चोवीस तासांची मिनिटं, म्हणजे पायऱ्या चौदाशे चाळीस आहेत.

१९ जानेवारी

तांड्यावर जाऊन आले. बाबांनी दमणीला बैल जोडले, मायही सोबत बसली. मला अठरा सेंटिमीटर म्हणजे किती, ते बघायचं होतं.

खालचं अंगण हरिसिंगचं. तो ऊसतोडीला गेला आहे, घरी त्याची म्हातारी आई हिरीबाई. मी तिच्या भिंतीला वीत लावून पाहिली. हिशेबाचं पाणी अंगणाच्या अकरा सेंटिमीटर खाली, त्यात अठरा वाढवले तर अंगणाच्या वर सात. तिच्या चुलीचं तोंड तेवढ्याच उंचीवर आहे. ज्वारीच्या कणग्या जमिनीलाच टेकून आहेत.

तिने विचारलं, "काहून मोजून राह्यली बाई?" मी खरं ते सांगितलं. की अजून माहीत नाही. एक कागद म्हणतो येईल, एक म्हणतो येणार नाही.

हिरीबाई म्हणाली, "मंग आमी कोनता कागद धरावं?"

तिने पिण्याचं पाणी दिलं, माझ्या पोटाकडे पाहून मायशी काहीबाही बोलली. परतताना बाबांनी दमणी फार हळू हाकली.

१ फेब्रुवारी

सापडलं.

दहा-बारा दिवस रोज सकाळी नव्या सांडव्याच्या पुराचे पहिले दोन तास हाताने सोडवत होते, मिनिट मिनिट, लघुगणकाचं पुस्तक घेऊन. पाठ दुखते म्हणून दिवसाला दहा-बारा मिनिटांच्या पुढे जाता येत नव्हतं. आज एकशे वीस पुरी झाली. माझ्या हिशेबाने दोन तासांत पाणी दोन सेंटिमीटर चढलं. यंत्राच्या कागदावर सुरुवातीला ५१२.०००, पहिल्या तासाला ५१२.०००, दुसऱ्या तासालाही ५१२.०००. तलावात पाणी येतं आहे आणि पातळी जागची हलत नाही. असं कुठे असतं?

मग एकदम जैनसाहेबांचा प्रश्न आठवला. नवं यंत्र अंक ठेवतं कमी. पाचशे बारा धरून ठेवण्यातच त्याची बरीच जागा जाते. मिनिटातला चढ असतो केसाएवढा, तो मिळवला की मावत नाही. यंत्र तो कापून टाकतं आणि काहीच बोलत नाही. पुढच्या मिनिटाला पुन्हा तेच. पूर जोरात आला की काही मावतं, काही कापलं जातं. जुन्या चाचणीतले अठरा सेंटिमीटर चोवीस तासांत असेच कापून कापून गेले. म्हातारा माणूस बढाई मारत नव्हता. मीच ऐकलं नाही.

चारशे अकरा चुका कंपायलरने ओरडून सांगितल्या. ही एक त्याने सांगितली नाही, कारण त्याच्या दृष्टीने ही चूकच नाही.

उपाय सोपा आहे. चढ पाचशे बारात मिळवायचाच नाही. त्याचा वेगळा गल्ला ठेवायचा, शून्यापासून. लहान आकड्यात केसाएवढा चढ छान मावतो. पातळी छापायची तेव्हाच दोन्ही एकत्र करायचे. नऊ कार्डं बदलावी लागतील.

३ फेब्रुवारी

आज सकाळपासून पोटात थांबून थांबून कळ येते. कालच्या वांग्याच्या भाजीचा त्रास असावा. तारखेला अजून बारा दिवस आहेत. नऊ कार्डांपैकी सहा लिहून झाली. एक कळ येऊन गेली की दुसरीपर्यंत एक कार्ड नीट लिहिता येतं, असा मेळ बसला आहे.

टपालाने आता भागणार नाही. दहा तारखेला सही. बाबा म्हणाले, "मी नेतो." मी म्हटलं, नागपूरला ऑफिस कसं शोधाल? ते म्हणाले, नागपूर पाहिलं आहे त्यांनी, छप्पन साली. त्यानंतर गेलेले नाहीत.

सातवं झालं. साहेबांसाठी पत्रही जोडते. माय दोनदा येऊन माझ्या तोंडाकडे पाहून गेली, आणि आता धुरपताबाई सुईणीला बोलवायला का गेली आहे, कळत नाही. आठवं. अक्षर हलतंय. नववं कार्ड

१४ फेब्रुवारी

मुलगी झाली, चार तारखेला पहाटे. वजन करायला इथे साधन नाही, धुरपताबाई म्हणते भरपूर आहे. नववं कार्ड मी लिहिलं, असं माय सांगते. मला आठवत नाही. तिने ते माझ्या हातून घेतलं आणि बाबांच्या हातात दिलं, तेव्हा मला धरायला ओसरीत दोन बायका होत्या. बाबा नातीचं तोंड न बघता पहाटेच्या गाडीने गेले.

आज लिलाचं पत्र आलं. लिहिते: "तुझे बाबा सकाळी दाराशी उभे. कागद सदऱ्याच्या आत, पोटाशी. साहेबांकडे द्या म्हटलं तर ऐकेनात. 'लिलाबाईच्याच हातात द्याचं, असं पोरीनं सांगतलं.' मी जेवणाच्या सुट्टीत कार्डं काढली आणि यंत्रावर घातली. परवानगी नंतर घेतली म्हण, किंवा घेतलीच नाही म्हण."

जुनी चाचणी: ५१२.१८. जैनसाहेबांच्या कागदासारखीच, अगदी शेवटच्या अंकापर्यंत.

नवा सांडवा: ५१३.१३. हिरीबाईच्या अंगणात आठ सेंटिमीटर पाणी.

लिलाने दोन्ही कागद साहेबांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी अहवाल टायपिस्टकडून परत मागवला.

मुलगी जागी झाली. पुढचं उद्या.

३ मार्च

निर्णय झाला. सांडवा नव्वद नाही, साठ सेंटिमीटरने उंच करायचा. पाणी ५१२.८३ वर राहील. बाबा तांड्यावर जाऊन सांगून आले. हिरीबाईने विचारलं म्हणे, कोणता कागद खरा निघाला. बाबांनी सांगितलं, जुना. मी म्हटलं, दोन्ही एकच झाले असं सांगायचं होतं. ते म्हणाले, तिला तेवढं पुरे झालं.

अहवालाची प्रत लिलाने पाठवली. "तपासणीअंती असे आढळून आले" असं लिहिलं आहे. कोणाला आढळलं ते नाही. मला त्याचं काही वाटत नाही.

वाटतं. पण त्यासाठी पत्र लिहीत बसणार नाही. कारण लिलाच्या पत्राच्या शेवटी दुसरंच आहे. जानेवारीत प्रोग्राम चालला तेव्हा त्याच कार्डांवर, म्हणजे माझ्या नऊ कार्डांच्या आधीच्या, आणखी चार तलावांचे निकाल काढले गेले. त्यांवर सह्या झाल्या. अहवाल गेलेसुद्धा.

मी चालता केलेला प्रोग्राम. चुका शून्य म्हणून अंगणात मिरवलेला.

१३ मार्च

चार तलावांचे निकाल पुन्हा काढावेत असं साहेबांना कळवलं होतं, त्यांचं उत्तर: सही झालेली प्रकरणं पुन्हा उघडण्याची पद्धत नाही. फरक किरकोळ असावा. रजा एप्रिलअखेर मंजूर आहे, तिचा उपयोग करावा.

पत्र तीनदा वाचलं. भाषा सौम्य आहे. मला दोन दिवस वाटत राहिलं की खरंच, आता माझी मुलगी, माझं दूध, माझी झोप. चार तलाव मी बांधलेले नाहीत. आज दुपारी तिला पाजताना डोळा लागला आणि जागी झाले ती चार वेळा सत्तावीस कार्डं मनात मोजतच. प्रोग्राम तोच आहे. प्रत्येक तलावाची फक्त आकड्यांची सत्तावीस कार्डं बदलायची. मी आणि लिला मिळून दोन दिवसांचं काम. निकाल छापील असला की साहेबांना किरकोळ म्हणता येणार नाही. या वेळीही त्यांना कागद शेजारी ठेवल्यावरच पटलं.

यांना पत्र टाकलं. रजा तोडते आहे.

१७ मार्च

यांचं उत्तर आलं: जा. शनिवारी मी नागपूरला येतो. दोनच ओळी.

मायला सांगायचं राहिलं होतं. ती कधी ऐकणार नाही असं धरून मी सगळी वाक्यं तयार करून ठेवली होती. ती चुलीपुढे बसून ऐकत राहिली. मग म्हणाली, "दीड महिन्याची पोर हाय. तू मशीनीपाशी बसशीन, तं हिले कोन पाहीन? मी येतो संगं."

मी म्हटलं, माय, तू कधी नागपूर पाहिलं नाहीस.

"तुह्या बाबानं पाह्यलं ना. त्याहीले इचारून घेतो." मग तिने विचारलं, "घरं किती हायत?"

मी म्हटलं, घरं नाहीत, तलाव आहेत, चार.

"तलाव नाही वं. पान्यात येनारी घरं किती, ते इचारून राह्यली मी."

मला माहीत नव्हतं. माझ्या कागदांत पातळ्या आहेत, क्षेत्रफळं आहेत, पाऊस आहे. त्या चार तलावांच्या काठी कोण राहतं, ते एकाही कार्डावर नाही. या तांड्याचं मला ठाऊक होतं, कारण मी इथली. त्यांचं कोणाला ठाऊक असेल?

तसं तिला सांगितलं. माय म्हणाली, मग ते आधी बघावं लागेल. आणि तिने आपली दोन पातळं घडी करून माझ्या कागदांवर ठेवली, वर मुलीची दुपटी ठेवली, आणि पिशवीचं तोंड घट्ट बांधलं. गाडी सकाळी सातची आहे.